माफी म्हणून आणलेला कन्सोल

मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे आणि माझ्यामुळे एका माणसाचा उजवा कान कायमचा गेला आहे. हे आधीच सांगून टाकतो. याने आपले चांगले तेवढेच सांगितले, असे मागाहून कुणी म्हणायला नको.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझा रिकामा सांगाडा पुढे जात होता आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका त्यात एकेक भाग बसवत होत्या. एकीने पंखा बसवला, एकीने डिस्कचा कप्पा, आणि एकीने माझ्या पुढच्या अंगाला चार सॉकेट बसवली. चार सॉकेट म्हणजे चार खेळाडू. त्या काळी याचे फार अप्रूप होते. पट्ट्याच्या शेवटी तपासणीवाला उभा असे. दर शंभरातला एक कन्सोल तो कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकायचा. माझ्या शेजारचा भाऊ असाच आपटला. त्याचा कोपरा फुटला, पण तो चालू झाला. आमचे वजन चार किलोच्या आसपास होते. "दगड आहे नुसता दगड," असे तपासणीवाला कौतुकाने म्हणाला.

आमच्या कंट्रोलरच्या वायरीत मध्येच एक सांधा होता. कुणी वायरीत पाय अडकून पडला तर सांधा सुटावा आणि कन्सोल खाली येऊ नये, अशी ती सोय होती. आम्हाला बनवणाऱ्यांनी माणूस अडखळेल एवढाच विचार केला होता.

मी ज्या घरात आलो ते दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे होते. घरचा कर्ता वेल्डर होता. त्याची बायको घरी शिवणकाम करायची. त्यांना दोन मुली होत्या. थोरली बारा वर्षांची आणि धाकटी आठ वर्षांची. धाकटीने रांगत्या वयात आईच्या डब्यातले कोटाचे बटण गिळले होते, म्हणून सगळे तिला बटणच म्हणत.

मी त्या घरात रविवारी आलो. त्याआधीच्या गुरुवारी वेल्डरने आपल्या बायकोचे मनगट दाराच्या फटीत धरून दार लोटले होते. हाड दोन ठिकाणी मोडले होते. माझा खोका तिने प्लास्टर घातलेल्या हातानेच उघडला. वेल्डर शेजारी उभा राहून हसत होता. तो म्हणाला, "झालं गेलं विसरून जायचं. आता चौघांनी मिळून खेळायचं." असा मी त्या घरात माफी म्हणून आलो.

मित्रांनो, तो माणूस सदासर्वकाळ वाईट होता असे सांगितले तर ते खोटे ठरेल. चांगल्या दिवशी तो दोन्ही मुलींना पाठीवर घेऊन खोलीभर फिरायचा. एकदा माझे तिसरे सॉकेट सैल झाले. दुकानात न नेता त्याने ते स्वतःच बसवले. दिवसभर लोखंड जाळणारी ती डागाळलेली बोटे केसाएवढ्या तारा इतक्या हलक्या हाताने जोडत होती की मी थक्क झालो. बटण त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघत होती. झाळकाम, म्हणजे तारांचे सोल्डरिंग, कसे करायचे हे तिने पहिल्यांदा पाहिले ते तिथेच.

त्या घरात रणगाड्यांचा खेळ चालायचा. टीव्हीच्या पडद्याचे चार भाग व्हायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक रणगाडा यायचा. पहिल्याच आठवड्यात थोरलीने वेल्डरला हरवले. त्याने तिच्या कानशिलात भडकावली आणि गंमत केली म्हणून सांगितले. तिच्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. त्यानंतर दोघी बहिणी हरायला शिकल्या. हे वाटते तेवढे सोपे नाही. पटकन हरले तर तो म्हणायचा की मन लावून खेळत नाहीस, आणि त्यावरूनही मार बसायचा. त्याला घाम फुटेल इतके झुंजायचे आणि अगदी शेवटी आपला रणगाडा उघड्यावर आणायचा, असा त्यांनी हिशेब बसवला होता. आईचे मनगट वाकडेच जुळले होते. तिची बोटे बटणांवर वेळेत पोचायची नाहीत, त्यामुळे तिला मुद्दाम हरावे लागत नसे. त्यावरून तो तिची टर उडवायचा.

शेजारची मुले खेळायला यायची. असे वडील सगळ्यांना मिळत नाहीत, असे ती बटणला सांगायची. खालच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. वर भांडी आपटू लागली, कुणी भिंतीवर आदळले, की त्या झाडूच्या दांड्याने छताला ठोकायच्या, आवाज कमी करा म्हणून.

एक वर्ष असे गेले. मग एका बुधवारी दुपारी ते घडले.

वेल्डर आठवडाभर घरीच होता. कामावर एका सोबत्याचे डोके त्याने पाइपवर आपटले होते आणि मालकाने त्याला घरी बसवले होते. जेवण झाल्यावर तो बटणला घेऊन खेळायला बसला. आई खिडकीपाशी मशीनवर एका शर्टाची कॉलर शिवत होती. थोरली शाळेतून नुकतीच येऊन दारात चपला काढत होती. डाव अगदी शेवटाला आला होता. बटण ठरल्याप्रमाणे आपला रणगाडा उघड्यावर आणत होती. जाता जाता तिने एक गोळा भिंतीवर सोडला, नुसता झुंजल्यासारखे दिसावे म्हणून. तो गोळा भिंतीवर आपटून उलटा फिरला आणि वेल्डरच्या रणगाड्याला लागला. पडद्यावर तिचा रंग चमकू लागला.

बटणने कंट्रोलर खाली ठेवला. "चुकून झालं, बाबा," ती म्हणाली.

त्याने तिचा कंट्रोलर उचलून हिसडा दिला. सांधा सुटला आणि दोन हात लांब वायर त्याच्या मुठीत आली. पहिला फटका तिच्या पाठीवर बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्याने गाल फाटला. बटण ओरडली नाही. त्या घरात ओरडण्याने मार वाढतो हे तिला ठाऊक होते. थोरली दारात एक चप्पल हातात घेऊन उभी होती. चौथा फटका डोळ्याच्या अगदी खाली लागला.

मशीनचा आवाज थांबला. आई उठली, चार पावले चालून आली आणि तिने दोन्ही हातांनी मला उचलले. माझ्या सगळ्या वायरी एकदम उपटल्या गेल्या. पुढचे मला नीट दिसले नाही. मी वर गेलो आणि खाली आलो. माझा कोपरा त्याच्या कानाच्या मागे लागला, ओल्या लाकडासारखा आवाज झाला आणि तो गुडघ्यांवर बसला. मी पुन्हा वर गेलो, पुन्हा खाली आलो. दुसऱ्या वेळी तो आडवा झाला. त्याचे रक्त गरम होते. ते माझ्या जाळीतून आत, पंख्यापर्यंत गेले.

आईने मला जमिनीवर ठेवले. बटणच्या गालावर तिने मशीनवरच्या शर्टाची ती अर्धवट शिवलेली कॉलर आणून दाबून धरली आणि थोरलीला सांगितले की खाली जाऊन काकूंना रुग्णवाहिका बोलवायला सांग. मग भिंतीला टेकून ती नवऱ्याच्या छातीकडे बघत बसली. छाती वरखाली होत होती. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने त्याच्यावरून नजर काढली नाही.

तो वाचला. त्याचा उजवा कान गेला आणि चालताना तोल जाऊ लागला. पोलिसांनी मला पांढऱ्या कापडात गुंडाळून लाखेचे सील ठोकले आणि मुद्देमाल म्हणून ठाण्यातल्या कोठारात ठेवले. मला वाटले होते की तिथे तलवारी आणि पिस्तुले असतील. पण फळ्यांवर होती एक इस्त्री, एक कमरेचा पट्टा, फुटका तवा, क्रिकेटची बॅट, पायातला जड बूट. एकेकाला चिठ्ठी बांधलेली होती. जवळजवळ सगळे माझ्यासारखे घरातलेच होते.

खटला चौदा महिन्यांनी उभा राहिला आणि तेवढे दिवस आई तुरुंगात होती. मुलींना त्यांच्या आत्याने सांभाळले. ही आत्या म्हणजे वेल्डरची सख्खी बहीण, एका शाळेत शिपाई. ती भावाच्याच बाजूने बोलणार असे सगळे धरून चालले होते. न्यायालयात मला सील फोडून टेबलावर ठेवले होते. वकिलाने आईला विचारले की हेच ते यंत्र का, आणि आई हो म्हणाली. मग आत्या साक्षीला उभी राहिली. भावाचा स्वभाव कसा आहे, असे तिला विचारले गेले. तिने आपल्या उजव्या हाताची बाही वर केली. कोपर भलत्याच दिशेला वळलेले होते.

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "पतंग माझा वर गेला म्हणून. तेव्हा घरच्यांनी मला सांगितलं, झाडावरून पडले म्हण. मी तीस वर्षं तसंच म्हणत आले. माझ्या वहिनीने जे केलं ते कुणीतरी आधीच करायला हवं होतं."

आईला निर्दोष सोडले. वेल्डरवर मग वेगळा खटला चालून त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगून तो दुसऱ्या गावी निघून गेला.

न्यायालयाने मला परत दिले तेव्हा थोरली म्हणाली की याला नदीत टाका. तिला माझ्याकडे बघवतही नव्हते. पण आईने शिवणकामाच्या चिंध्यांतून एक पिशवी शिवली, मला त्यात घातले आणि कपाटावर ठेवून दिले. तिथे मी वीस वर्षे राहिलो. माझ्यावर आधी बिछाने आले, मग जुन्या वह्या, मग एक फुटकी सुटकेस. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत आणि कुणी विचारलेही नाही. एका खेळण्याला याहून मोठी शिक्षा नसते, असे मला तेव्हा वाटायचे. आता तसे वाटत नाही.

बटण मोठी झाली. जुन्या यंत्रांची दुरुस्ती हाच तिचा धंदा झाला. डोळ्याखालच्या वणाची तिला सवय झाली होती. बघणाऱ्यांना नसायची. थोरली स्वतःचा टेम्पो चालवू लागली. तिने खांदे कमावले होते. कुणी मोठ्याने बोलले तरी ती आधी दार कुठे आहे ते पाहायची.

यंदा गेमिंगवाल्यांचा एक मोठा मेळावा भरणार होता. जुन्या कन्सोलवर सोळा जण एकाच वेळी एकमेकांशी लढतील अशी मांडणी करून द्या, असे भरवणाऱ्यांनी बटणला सांगितले. यासाठी माझ्यासारखे चार कन्सोल लागतात. चारही एका छोट्या जोडपेटीला वायरींनी जोडायचे, प्रत्येकाला आपापला टीव्ही आणि चार-चार कंट्रोलर द्यायचे. टीव्हीही जुनाच लागतो, काचेच्या मोठ्या पोटाचा. नव्या टीव्हीवर कंट्रोलरचे बटण दाबल्यापासून गोळा सुटेपर्यंत किंचित वेळ जातो, आणि खेळणाऱ्याला तो लगेच कळतो. बटणने भंगारवाल्यांकडून चार टीव्ही मिळवले. एकेक उचलायला दोन माणसे लागत. कंट्रोलर तिने सोळाच्या जागी वीस गोळा केले. त्यांच्या पोटातले घासलेले रबर बदलले आणि एकेका वायरीला नंबराची चिठ्ठी लावली.

कन्सोल मात्र तीनच धड निघाले. आमच्या पोटात घड्याळाला वीज पुरवणारा एक चिमुकला कपॅसिटर असतो. म्हातारपणी तो फुटतो आणि त्यातले आम्ल आजूबाजूच्या तारा खाऊन टाकते. चौथ्या कन्सोलचा बोर्ड असाच सडला होता. मेळाव्याला दोन दिवस उरले होते आणि चौथा कुठे मिळेना. तेव्हा बटण सकाळीच आईकडे गेली आणि तिने स्टूल ओढून मला खाली काढले.

आईने पिशवी ओळखली. "चालेल का तो?" तिने विचारले.

"तो चालेल," बटण म्हणाली. "तुला चालेल का?"

आई वाकड्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिली. "खेळायलाच आणला होता ना," ती शेवटी म्हणाली. "मग खेळू दे."

दुकानात बटणने माझे सहा स्क्रू सोडवले आणि झाकण उचलले. जाळीत, पंख्याच्या पात्यांवर आणि तळाच्या पत्र्यावर तपकिरी पापुद्रे वाळून बसले होते. तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, बाहेर जाऊन तोंड धुतले आणि परत आली. मग कापूस लावलेल्या काड्या स्पिरिटमध्ये बुडवून तिने आपल्या बापाचे रक्त माझ्या अंगातून पुसून काढले. अकरा काड्या लागल्या. एकदाही ती थांबली नाही. माझा कपॅसिटर फुगला होता पण फुटला नव्हता. तो तिने काढला, डिस्कच्या कप्प्याचा ढिला पट्टा बदलला आणि वीज दिली. माझा हिरवा दिवा लागला.

मेळाव्याच्या सकाळी थोरली टीव्ही घेऊन आली. मला टेबलावर पाहताच ती जागच्या जागी थांबली. हे इथे कशाला, असे तिने विचारले. चौथा मेला, हाच उरला, असे बटणने सांगितले. थोरलीने टीव्ही मांडून दिले, जमिनीवरच्या वायरी रुंद चिकटपट्टीने दाबून टाकल्या, पण मला हात लावला नाही. चारही टीव्ही एकदम सुरू केल्यावर सभागृहाचा फ्यूज उडाला आणि तिथला इलेक्ट्रिशियन कपाळाला हात लावून बसला. बटणने टीव्ही विजेच्या दोन वेगळ्या लाइनींवर वाटून घेतले. साडेदहाला सोळा जागा तयार झाल्या. गुणांची घोषणा करायला तिच्या कॉलरला एक छोटा माइक लावला होता.

सामने अकराला होते. त्याआधी ती मला तपासत होती. माझ्या चार जागांपैकी दोन जागांवर कॉलेजातले दोघे बसले होते, तिसरीवर बटण. चौथ्या जागेवर कुणीतरी येऊन बसले. तिने मान वर केली नाही, डाव सुरू झाला होता. पण कंट्रोलर धरलेली बोटे तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. त्यांवर बारीक पांढरे चट्टे होते, लोखंडाच्या ठिणग्यांचे.

वर्तमानपत्रात तिचा फोटो आला होता. तो पाहून वेल्डर आला होता. केस पिकले होते, कानाला यंत्र होते. "ओळखलंस का?" त्याने विचारले.

"खेळायचं असेल तर खेळा," बटण म्हणाली.

ती खेळली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या माणसासमोर जशी खेळता येते तशी खेळली. पहिला डाव दीड मिनिटात संपला, दुसरा त्याहून लवकर. तिसऱ्यात तिने त्याला पाच वेळा उडवले. त्याच्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. तिची बोटे चुकत नव्हती.

तिसरा डाव संपताच त्याने कंट्रोलर टेबलावर आपटला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "हे माझं आहे," तो म्हणाला. "मी आणलं होतं. माझा कान घेतलात, हे तरी परत द्या."

"माफी म्हणून आणलं होतंत," बटण म्हणाली. "दिलेली माफी कुणी परत मागतं का?"

त्याने मला ओढले. वायरी ताणल्या गेल्या, एकेक सांधा सुटला, आणि मी टेबलावरून डोक्यावर पडलो. माझा पुढचा भाग फुटला आणि दोन सॉकेट तुटून लोंबकळू लागली. बटण मला उचलायला वाकली. त्याने तिचे मनगट धरले आणि मागे पिरगळले. काहीतरी तुटल्याचा आवाज मी जमिनीवरून ऐकला. दुसऱ्या हाताने त्याने तिचे केस धरले आणि तिचे तोंड टेबलावर आपटले. तिच्या नाकातून रक्त आले. आजूबाजूचे लोक बघत होते. काहींना वाटले की खेळातलेच काहीतरी चालले आहे.

तेव्हा बटणने मान वळवून कॉलरवरच्या माइकपाशी तोंड नेले. तिचा आवाज सभागृहभर गेला. "हा माणूस माझा बाप आहे. तो मला मारतोय. त्याला धरा, कुणीतरी."

सभागृह एकदम हलले. सगळ्यात आधी थोरली आली. ती दुसऱ्या टोकाला होती. वाटेतली घडीची लोखंडी खुर्ची तिने चालता चालता उचलली. ती मला ओलांडून गेली आणि तिने खुर्ची डोक्याच्या वर नेली. वेल्डरने बटणला सोडून दोन्ही हात वर केले. तो खांदे आखडून उभा राहिला, अगदी त्याच्या घरात बाकीचे जसे उभे राहायचे तसा.

"ताई, ठेव," बटण टेबलाला धरून म्हणाली. "आईचे चौदा महिने गेले. तुझा एक दिवससुद्धा मला याच्यावर घालवायचा नाही."

थोरलीचे हात हवेतच होते. मग तिने खुर्ची सगळ्या ताकदीनिशी फरशीवर हाणली, त्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर. पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. खुर्चीचे पाय वाकले, फरशीचा टवका उडाला, तिच्या तळहातांची सालटी निघाली तरी ती हाणत राहिली. तोवर खेळाडूंनी वेल्डरला घेरले होते. त्याने कोपराने एकाचा दात पाडला, दुसऱ्याच्या पोटात लाथ घातली. मग चौघांनी त्याला खाली पाडले आणि त्याच्या हातापायांवर बसून राहिले. पोलीस येईपर्यंत तो शिव्या देत होता. मग अचानक तो रडू लागला. एकाही माणसाने पकड सैल केली नाही, आणि ते बरोबर होते.

दुपारी ठाण्यात बटणची तक्रार लिहून घेतली. आई तिच्या शेजारच्या बाकावर बसली होती. हे मला नंतर दोघी बहिणींच्या बोलण्यातून कळले. दात पडलेला खेळाडू साक्ष द्यायला आपणहून आला, आणि त्याच्या मागे आणखी अकरा जण. ओळ दारापर्यंत गेली. आई त्या ओळीकडे बराच वेळ बघत होती म्हणे. मग ती बटणला म्हणाली, "एवढी माणसं असतात होय."

मेळावा दोन दिवसांचा होता. शनिवारचे सामने तीन कन्सोलवरच पार पडले. बारा जण खेळत आणि उरलेले आपली पाळी येईपर्यंत थांबत. एकाचीही कुरकुर नव्हती. रविवारी सकाळी बटण आली ती डावा हात गळ्यात बांधून. मी टेबलाखाली एका टोपलीत तुकड्यांसह पडलो होतो. तिने मला वर काढले, उजव्या हाताने झाळायची सळई तापवली आणि मग तिच्या लक्षात आले की धरायला दुसरा हात नाही.

"ताई, हे जरा धर," ती म्हणाली.

थोरली पुढे आली नाही. ती आपल्या पट्ट्या बांधलेल्या तळहातांकडे बघत राहिली. "मी दारातच उभी होते, बटण," ती म्हणाली. "चार फटके. मी मोजले. चप्पल हातात होती आणि मी उभी राहिले."

"तू बारा वर्षांची होतीस."

"तेरा."

"बरं, तेरा. आता चौतीसची आहेस ना, मग धर."

थोरलीला हसू आले की रडू, ते तिलाही समजले नसावे. तिने दोन्ही हातांनी मला धरले. तिचे तळहात खरखरीत आणि गरम होते. बटणने एका हाताने माझी सॉकेट जागेवर बसवली, तारा जोडल्या, फुटलेले तोंड चिकटपट्टीने बांधले. वीज दिल्यावर मी दोनदा नुसताच घरघरलो. तिसऱ्यांदा हिरवा दिवा लागला.

अकराला सोळाच्या सोळा जागा भरल्या. माझ्या चौथ्या जागेवरचा खेळाडू आला नव्हता, म्हणून बटणने थोरलीला खांदा धरून तिथे बसवले. शेजारी एक नऊ वर्षांची मुलगी होती, गळ्यात मेळाव्याचे ओळखपत्र, पाय जमिनीला न टेकणारे. तिने थोरलीचा धुव्वा उडवला. मग जिंकल्याबद्दल दोन्ही हात वर करून ती इतक्या मोठ्याने किंचाळली की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. थोरलीने तिला टाळी दिली आणि विचारले की तो शेवटचा गोळा कसा मारलास, मलाही शिकव.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल. त्याची जाळी अधूनमधून कापडाने पुसा, त्याच्या वायरी पायात येऊ देऊ नका, वर्षानुवर्षे पडून असेल तर एकदा जाणत्या माणसाला उघडून दाखवा. एवढे केलेत तर आम्ही फार काळ टिकतो. आणि खेळताना समोरच्याकडेही लक्ष ठेवा. एखादा मित्र जिंकल्यावर दचकून कुणाकडे तरी बघत असेल, जिंकल्याबद्दल माफी मागत असेल, मुद्दाम हरत असेल, तर हातातला खेळ थांबवा आणि त्याला बाजूला नेऊन विचारा. तो पडलो म्हणेल, दार लागले म्हणेल. उद्या पुन्हा विचारा. मग भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगा, आणि तो ऐकत नसेल तर दुसऱ्याला सांगा. हे तुमच्याच घरात होत असेल तर तुम्ही स्वतः सांगा, शाळेत सांगा, कुणालाही सांगा. त्यात तुमची काहीही चूक नाही. ऐकणारी माणसे असतात. मेळाव्याच्या त्या सकाळी मी जमिनीवर उलटा पडलो होतो. सभागृहाच्या चारही बाजूंनी पावले धावत येताना मी पाहिली.